अननसाचा फेस

चष्मेवालीच्या नवऱ्यानं दारू सोडली आणि घरातला बोलायचा विषयच संपला. पीत होता तोवर बरं होतं. कुठे होतात, कोणाबरोबर होतात, आणि हे बूट फ्रीजमध्ये कोणी ठेवले, अशी रोज ताजी भांडणं निघत. आता तो संध्याकाळी वेळेवर घरी यायचा, सोफ्याच्या टोकाला बसायचा आणि हात मांडीवर ठेवून द्यायचा. दिवसभर बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणारे ते हात. त्यांना पाना द्या, स्क्रू द्या, काहीही द्या. रिकामं राहणं त्यांना खपत नव्हतं.

ती स्वतः चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. लोकांना धड दिसावं म्हणून राबणारी ही बाई घरात मात्र वर्षानुवर्षं डोळ्यांवर कातडं ओढून बसली होती, आणि हे तिला मान्यही होतं. पण आता नवरा ताळ्यावर आला होता आणि त्याला ताळ्यावरच ठेवायचा तिनं चंग बांधला होता. पुन्हा प्यायलात तर बॅग भरून माहेरी जाईन, असं तिनं त्याला बजावलं होतं. माहेरी कोणी उरलं नव्हतं हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून ती धमकी जास्तच खरी वाटायची.

त्यात वन्सं निवृत्त झाल्या. वन्सं म्हणजे त्याची थोरली बहीण. शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि शाळा सुटल्यावरही मुख्याध्यापिकाच असायच्या. नाकानं कांदे सोलण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. भावाच्या दारूवर त्यांनी आजवर जितकी भाषणं दिली तितकी तो स्वतः शुद्धीत राहून ऐकूही शकला नव्हता. त्यांच्या निवृत्तीची पार्टी आपल्याच घरी करायची, असं चष्मेवाली जोशात बोलून गेली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मग तिला घाम फुटला. नवऱ्यानं सोडल्यापासून घरात पहिल्यांदाच माणसं जमणार होती.

"तुम्हाला प्यायला काय ठेवू?" तिनं विचारलं.

"काहीही."

"काहीही नावाचं काही मिळत नाही दुकानात."

"सरबत नको," तो म्हणाला. "सरबताचा ग्लास धरला की मला दुसऱ्याच्या वाढदिवसाला आलेल्या पोरासारखं वाटतं. जरा फसफसणारं बघ. घशाला टोचेल असं काहीतरी."

"मग सोडा आणते."

"नुसता सोडा बघितला की त्यात काय घालायचं राहिलंय तेच आठवतं गं."

हे त्यानं इतक्या सरळपणे सांगितलं की तिला भरूनच आलं. लग्नानंतर इतकं खरं तो क्वचितच बोलला होता.

खालच्या मजल्यावरच्या पार्लरवालीनं उपाय सांगितला. अननस आणायचा. गर खाऊन टाकायचा आणि सालं ठेवायची. सालं, साखर, ठेचलेलं आलं आणि पाणी मोठ्या काचेच्या बरणीत घालून वर फडकं बांधायचं. दोन-तीन दिवसांत आपोआप फेस येतो. तो आला की गाळायचं, बाटल्या भरायच्या आणि लगेच फ्रीजमध्ये टाकायच्या.

"विकतच्या सोड्याच्या तोंडात मारेल असा गॅस होतो," पार्लरवाली म्हणाली. "फक्त जास्त दिवस ठेवू नकोस."

"का?"

"आंबट होतं," ती म्हणाली आणि एका गिऱ्हाइकाच्या भुवया उपटायला धावली. या धावण्यानं पुढचा सगळा घोटाळा केला.

बरणीत दुसऱ्याच दिवशी बारीक बुडबुडे दिसायला लागले. लिफ्टवाला कामावरून आला की बूट काढायच्या आधी बरणीपाशी जायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "बोलतंय." त्याला काहीतरी बघायला मिळालं होतं. नवऱ्याला इतकं रमलेलं बघून चष्मेवाली हरखून गेली आणि आपल्या हुशारीवर बेहद्द खूश झाली.

पार्टीच्या आदल्या दिवशी वन्संचा घसा बसला. कार्यक्रम पुढच्या आठवड्यावर गेला. आता शहाण्या बाईनं हे काय ते पिऊन संपवलं असतं आणि नवी बरणी घातली असती. पण चष्मेवालीचं तत्त्व असं की जितकं मुरेल तितकं चांगलं. मुरलेलं नातं, मुरलेला माणूस, मग मुरलेला अननस का नको? तिनं बाटल्या फ्रीजमध्ये न ठेवता ओट्याखाली उबेत ठेवल्या. रोज एक घोट चाखायची, थोडं आंबट लागायचं, म्हणून चमचाभर साखर वाढवायची. दुसऱ्या दिवशी ती साखर कुठे जायची कोण जाणे. मग आणखी चमचाभर. एका दुपारी एका बाटलीचं झाकण स्वतःहून उडालं आणि ट्यूबलाइटच्या पट्टीवर आपटलं. दुसरी कोणी बाई असती तर घाबरली असती. हिनं पार्लरवालीला फोन करून सांगितलं, "अगं, काय जबरदस्त गॅस झालाय!"

पार्टीला वन्सं आल्या, त्यांचे यजमान आले आणि शाळेतल्या चार शिक्षिका. वन्संचे यजमान हा माणूस लग्नापासून मान डोलवण्यापलीकडे काही बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. चष्मेवालीनं गार केलेल्या बाटल्या उघडल्या, बर्फ घातला, ग्लास भरले. फेस काठापर्यंत चढला. तिनं पहिला ग्लास नवऱ्याच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खास यांच्यासाठी केलंय."

"वा!" वन्सं म्हणाल्या. "घरचं ते घरचं. बाजारात नुसतं विष मिळतं." आणि त्यांनी ग्लास एका दमात रिकामा केला.

लिफ्टवाल्यानं एक घोट घेतला आणि तो थांबला. ग्लासकडे बघितलं, बायकोकडे बघितलं.

"आवडलं नाही का?"

"छान झालंय," तो म्हणाला.

"मग घ्या की अजून!"

तासाभरात पार्टीला असा काही रंग चढला की चष्मेवालीला स्वतःच्या स्वयंपाकाचा गर्व वाटायला लागला. गणिताच्या बाईंनी चित्रकलेच्या बाईंच्या गळ्यात पडून वीस वर्षांपूर्वीच्या भांडणाची माफी मागितली. वन्संचे यजमान उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मला बोलायचंय." सगळे गप्प झाले. त्यांना काय बोलायचं ते आठवेना, म्हणून ते पुन्हा बसले. वन्सं तर मोठ्यानं हसत होत्या, आणि त्यांना हसताना बघून शाळेतल्या बायका आणखी हसत होत्या.

इतक्यात चष्मेवालीच्या लक्षात आलं की नवरा जागेवर नाही.

तो स्वयंपाकघरात होता. फ्रीजपाशी पाठमोरा, मान खाली घालून. ती मागून जवळ गेली आणि तिच्या नाकानं काम केलं. वीस वर्षं त्या वासाशी संसार केलेलं नाक ते. दुधानं तोंड पोळलेल्या बाईला ताक ओळखायला कितीसा वेळ लागतो?

"प्यायलात ना!" ती किंचाळली. "एवढं करूनही प्यायलात! माझ्या घरात, तुमच्या बहिणीसमोर! कुठे लपवलीत बाटली?"

त्याचा ग्लास ओठांशी होता. तो त्यानं सावकाश खाली आणला.

बाहेरून वन्संचा आवाज आला. त्यांची जीभ वळणावर घसरत होती. "प्यायला का तो? मला वाटलंच! दारू म्हणजे... दारू म्हणजे सर्वनाशाचं... काय गं ते? सर्वनाशाचं..." त्यांना पुढचं काही केल्या सापडेना.

लिफ्टवाल्यानं ग्लास बायकोपुढे धरला. "हेच आहे. तुझंच. चाखून बघ."

"मी? मी आयुष्यात कधी..."

"मग आज घे."

तिनं चाखलं. आठवडाभर ती हेच थोडं थोडं चाखत होती आणि जीभ रोजच्या रोज सरावत गेली होती. पण आता नवऱ्याच्या तोंडाला जो वास होता तोच ग्लासाला होता, आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. करायला गेली एक आणि झालं भलतंच. नवऱ्याची सुटलेली दारू सुटलेलीच राहावी म्हणून तिनं स्वतःच्या ओट्याखाली भट्टी लावली होती.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या घोटाला. मला नाही कळणार तर कोणाला?"

"मग थुंकलात का नाही?"

"गिळला." तो ओट्याला टेकला. "गिळला आणि गप्प बसलो. एवढा वेळ ग्लास नुसता हातात धरून फिरलो. मग इथे आलो. म्हटलं, बायकोनं केलंय. ताई पितेय. उद्या कोणी विचारलंच तर मी म्हणणार, मला काय ठाऊक! असा सुखाचा ग्लास मला जन्मात मिळाला नव्हता. तू स्वतः ओतत होतीस गं."

तिला रडू आवरेना. रागही येत होता, पण तो कोणावर काढावा ते समजत नव्हतं. समोर काढण्यासारखं एकच माणूस होतं आणि ते प्यायल्यावरही आज पहिल्यांदा तिच्याशी खोटं बोलत नव्हतं.

"मी आत आले नसते तर?" तिनं विचारलं.

त्यानं तिच्या हातातला ग्लास घेऊन ओट्यावर ठेवला.

"माहीत नाही," तो म्हणाला.

एरवी ती या उत्तरावर भडकली असती. आज तिनं पदर डोळ्यांना लावला, नाक पुसलं आणि उरलेल्या बाटल्या सिंकपाशी आणून ठेवल्या. पहिली उचलली, तेवढ्यात त्यानं तिचा हात धरला.

"दे इकडे. मी ओततो."

"तुम्ही बाहेर जा. वासानं त्रास होईल."

"होऊ दे."

त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं आणि बाटली वाकडी केली. न बघता ओतत होता, म्हणून बाटलीचं तोंड सिंकच्या कडेवर आपटत होतं. तिनं त्याचं मनगट धरलं. बाटली मात्र त्याच्याच हातात राहू दिली. एक रिकामी झाली, मग दुसरी, मग शेवटची. सिंक फेसानं भरून आलं आणि फेस हळूहळू बसत गेला.

"अगं ए," बाहेरून वन्सं ओरडल्या, "अजून आण ना ते! की संपलं?"

चष्मेवालीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तिच्या आधी तोच बोलला.

"संपलं, ताई," तो म्हणाला, आणि नळ पूर्ण सोडला.