कापड झटकलं की

सलूनमधला पोपट नुसती पोपटपंची करत नव्हता, हीच तर सगळी अडचण होती. केली असती, तर दोघा न्हावी भावांपैकी धाकट्याने त्याला दिवसभर बडबडू दिलं असतं आणि कानात कापूस घालून सुखाने केस कापले असते. पण हा पक्षी वेळ बघून बोलायचा. दार उघडलं की "या, बसा." दिवे गेले की "गेले." खुर्चीत पोर रडायला लागलं की "झालं, झालं, झालं," तेही असं कनवाळूपणे की पोराच्या आधी बापाचेच डोळे पुसायला लागायचे. धाकट्याची बायको डबा घेऊन दारात आली तर तिला "या, बसा" नाही, तिला फक्त "हात धुतो." गिऱ्हाइकं त्याला साहेब म्हणायची, आणि साहेबांनी भलत्या वेळी तोंड उघडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

इथपर्यंत ठीक होतं. ठीक नव्हतं ते पुढचं. केस कापून झाले, धाकट्याने गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवतीचं कापड काढून झटकलं, की साहेब मान वाकडी करायचे आणि थोरल्या भावाच्या आवाजात, अगदी सावकाश, म्हणायचे, "कानामागे राहिलंय."

थोरला दुकान सोडून गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. पूर्वी दोघे भाऊ एकाच लांब आरशासमोर दोन खुर्च्यांवर काम करायचे. धाकट्याने कापड झटकलं रे झटकलं, की थोरला स्वतःच्या गिऱ्हाइकावरून नजर न काढता हेच म्हणायचा, तेही चारचौघांत, धाकट्याच्या मिशा पिकायला लागल्या तरी. एके दिवशी धाकट्याने कात्री आपटली. "तुझ्या हाताखालीच म्हातारा होऊ का रे मी?" थोरल्याने वस्तरे गुंडाळले, आपली खुर्ची उचलली आणि बाजाराच्या पार पलीकडच्या टोकाला दुसरं दुकान थाटलं. पोपट तेवढा हाती लागला नाही. तो कपाटावर जाऊन बसला, आणि थोरला खाली हात पसरून दमला.

माणूस गेला, खुर्ची गेली, आवाज मागे राहिला.

तो गेल्यावर साहेबांनी पहिल्यांदा तसं म्हटलं, तेव्हा गिऱ्हाईक हसलं, धाकटाही हसला, आणि हसता हसता सहज वाकून बघितलं. राहिलं होतं. तिथेच त्याचा घात झाला. धादांत खोटं असतं तर हसण्यावारी नेता आलं असतं. आता मात्र कापडाला हात लावायची वेळ आली की पुन्हा बघ, दिवा जवळ ओढ, परत कात्री घे. या कानामागचं जरा उडवलं की तो कान जड दिसायचा, तो हलका केला की हा. मुख्याध्यापक "वरवर करा" एवढंच सांगून बसले होते; उठले तेव्हा डोक्यावर नारळाच्या शेंडीएवढं शिल्लक होतं. दुसऱ्या दिवशी वर्गाने त्यांना नवे शिक्षक समजून नाव विचारलं म्हणतात.

धाकट्याने कापड झटकायचं सोडून त्याची घडी घालायला सुरुवात केली. साहेबांनी जरा विचार केला आणि घडीलाच बोलायला लागले. मग पिंजरा घरी नेला. बायकोने गॅलरीत चादर झटकली, साहेबांनी निकाल दिला, आणि खालून चाललेल्या शेजारच्या काकू जागीच थांबून कानामागे चाचपू लागल्या. पिंजरा परत दुकानात आला.

शेवटी हातालाच कापरं भरलं. म्हाताऱ्या कंपाउंडरच्या कानाला वस्तरा लागला. फार नाही, थेंबभर रक्त आलं. म्हातारा म्हणाला, "अरे बाबा, तो कान मला हवाय. चष्मा कशावर अडकवू?" पण दुसऱ्या खेपेला तो दुकानावरून मान फिरवून गेला, आणि गाल त्याचे तुळतुळीत होते.

जेवताना बायको म्हणाली, "हात बघा तुमचा. पेला वाजतोय ताटावर."

"थंडी आहे."

"पंखा चालू आहे." तिने पेला उचलून बाजूला ठेवला. "न्हाव्याचा हातच गेला तर उरलं काय? ज्याचा पोपट त्याला नेऊन द्या."

"दादाचं तोंड बघणार नाही मी."

"तोंड बघायला कोण सांगतंय? पिंजरा ठेवा आणि या. नाहीतर मी जाते. मग भाऊजींना आणखी काय काय सांगेन, ते माझं मलाच ठाऊक नाही."

तेव्हा धाकट्याने पिंजरा उचलला. अर्ध्या बाजारातून तो मागे वळला, पुन्हा फिरला, पुन्हा वळला. उघडं दार दिसलं की साहेब "या, बसा" म्हणायचे, आणि दुकानदार आपल्याच दुकानात बसायला बावरायचे.

थोरल्याचं दुकान एका खुर्चीचं होतं. तो एका पोस्टमनचे केस कापत होता, आणि बाकावर एक बसचा ड्रायव्हर नंबर धरून बसला होता. थोरल्याने मान वर केली नाही. दोघांनी एकमेकांना बघितलं ते आरशात. न्हावी माणसं तशीच बघतात.

"वाळलास," थोरला आरशाला म्हणाला.

"तुझा पोपट आणलाय," धाकटा आरशाला म्हणाला.

पिंजरा त्याने मुद्दाम खुर्चीशेजारी ठेवला. होऊ दे आता याच्याच गिऱ्हाइकासमोर, त्याला वाटलं, आणि मनातल्या मनात तो हात चोळू लागला. थोरल्याने शेवटची फणी फिरवली. कापड काढलं. झटकलं.

साहेबांनी मान वाकडी केली. मग नुकत्याच फुटलेल्या, चिरक्या, कोवळ्या आवाजात ते म्हणाले, "दादा, मला कधी जमेल रे असं?"

आवाज धाकट्याचा होता. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हाचा. असं काही आपण कधी बोललो होतो, हे तो साफ विसरला होता. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"रोज विचारायचास," थोरला म्हणाला.

"मग तू काय सांगायचास?"

"काय सांगणार? चुकलेलं दाखवायचो. दुसरं शिकवता कुठे येतं मला." त्याने पोस्टमनला आरसा दाखवून वाटेला लावलं आणि पिंजरा उचलून धाकट्याच्या हातात दिला. "हा इथे नको."

"का? तुझाच आहे की."

"रोज हे ऐकत कात्री धरू? मला नाही झेपणार."

"आणि मला झेपतंय? तुझ्या आवाजाने हात गेला माझा."

ड्रायव्हर खुर्चीत येऊन बसला. "पोपट कुणाचा ते सावकाश ठरवा," तो म्हणाला. "पण आधी दाढी करा. माझी गाडी सुटायची आहे, आणि चालवायची मलाच आहे."

धाकट्याने पिंजरा खाली ठेवला आणि सवयीने ब्रश उचलला. भांडण थांबलं नाही. पोपट आणला कुणी, त्याला मिरच्या कुणी भरवल्या, चांगला वस्तरा कोण पळवून घेऊन गेलं, सगळं उकरून निघालं. एक आरशाकडे बघून आरोप करत होता, दुसरा आरशाकडे बघून नाकारत होता. मध्येच थोरला गप्प झाला आणि त्याने बोटाने खूण केली.

ड्रायव्हर झोपला होता. तोंड उघडं, मान मागे, श्वास संथ. वस्तऱ्याखाली गिऱ्हाइकाला झोप लागावी, याहून मोठी शाबासकी न्हाव्याच्या धंद्यात नाही. धाकट्याने आपल्या हाताकडे बघितलं. वस्तरा त्या माणसाच्या गळ्याशी होता, आणि जराही हलत नव्हता. तो केव्हापासून हलत नव्हता, कुणास ठाऊक.

"तो चांगला वस्तरा तूच ठेवून घेतलास," थोरला हळू आवाजात म्हणाला.

"खोटं बोलू नकोस," धाकटा त्याहून हळू म्हणाला.

स्टँडवर बसमधली माणसं ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडत असतील. पण त्याला उठवायला दोघांपैकी कुणीही तयार नव्हतं. भांडण चालूच राहिलं, कुजबुजत.