अठरा फुटी गल्ली

बालाघाट स्टेशनच्या मागच्या गल्लीत आशालता निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आल्या, तेव्हा ही गल्ली आपल्या ओळखीची आहे हे त्यांना लगेच उमगलं नाही. नोकरीत त्या अनुरेखक होत्या. शहराचे नकाशे शाईनं रेखायचे आणि रंगवायचे हे त्यांचं काम. शहाण्णव साली याच गल्लीवर त्यांनी पिवळा रंग भरला होता. पिवळा म्हणजे फक्त राहती घरं. साहेबांनी यादी दिली, त्यांनी ब्रश फिरवला. गल्ली पाहायला कोणी गेलं नव्हतं.

त्या पिवळ्या रंगापायी आता समोरच्या आनंदीला नोटीस आली. नवरा गेल्यापासून ती पुढच्या खोलीत स्वयंपाक करून स्टेशनवरच्या लोकांना डबे द्यायची. दोन बाकं टाकली होती, काहीजण तिथंच जेवायचे. राहत्या घरात धंदा केला म्हणून तो बंद करा, असं नोटिशीत होतं.

"बाई, मले यातलं काहीच समजून नाही राह्यलं," कागद पुढं करत ती म्हणाली. "एवढे वर्ष कोणी काही बोललं नाही."

त्याच महिन्यात नव्या विकास आराखड्याचा मसुदा लागला. स्टेशनच्या अर्ध्या किलोमीटरच्या आत खाली दुकानं आणि वर घरं, असं दोन्ही चालेल असं त्यात होतं. आनंदीला हायसं वाटलं. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक चिंतामणराव मात्र हरकतीच्या अर्जावर बावीस घरांच्या सह्या घेऊन आले. गल्लीचा बाजार होईल, गाड्या उभ्या राहतील, पोरींना येणं-जाणं अवघड होईल, असं त्यांचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. अर्जाची भाषा आशालतांनी नीट करून द्यावी, एवढीच त्यांची विनंती होती.

आशालतांनी मसुदा दोन दिवस वाचला. शेवटच्या पानावर एक अट होती: ही सवलत चाळीस फूट किंवा त्याहून रुंद रस्त्यावरच्या जागांनाच. त्यांनी टेप काढला, एक टोक आनंदीच्या हातात दिलं आणि गल्ली मोजली. अठरा फूट. म्हणजे मुख्य रस्त्यावर कोणी चार मजले बांधले तर त्याला खाली दुकानं चालणार होती. आनंदीला मात्र चूल बंदच करावी लागणार होती.

त्यांनी चिंतामणरावांना हे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मग तर बरंच झालं ना. आपल्या गल्लीले काही होणार नाही."

"आपल्या गल्लीत आनंदीही राहते, गुरुजी."

सह्यांचा अर्ज आशालतांनी परत दिला आणि स्वतःचा वेगळा लिहिला. अरुंद गल्लीत मोठी दुकानं नकोत, गोदाम नको. पण घरातल्या एका खोलीत चालणारा शिवणकाम-डब्यांसारखा धंदा चालू द्यावा. मुलाला, अनुरागला, हे आवडलं नाही. शेजाऱ्यांशी वैर कशाला, असं तो जेवताना दोनदा म्हणाला.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी विचारलं, या गल्लीबद्दल इतकं ठामपणे कशाच्या आधारे सांगता? आशालता म्हणाल्या, "जुन्या नकाशात ही गल्ली मीच रंगवली होती. तेव्हाही इथं एक शिंपी बसत होता, हे मला इथं राहायला आल्यावर कळलं."

अंतिम आराखडा आठ महिन्यांनी आला. एका खोलीचा घरगुती धंदा पंधरा फुटांहून रुंद रस्त्यांवर चालेल असं ठरलं. बसून जेवायची सोय मात्र नाही. आनंदीनं बाकं भाचीकडे कटंगीला पाठवली. नोटिशीपासून दार लावून चाललेले डबे चालू राहिले. जे तिथं बसून जेवायचे त्यातले निम्मे यायचे थांबले. आशालतांनी अवघडून विचारलं, तर ती म्हणाली, "हौ बाई, कमी झालं. पण आता दार उघडं ठेवून करते."

चिंतामणराव आशालतांशी पहिल्यासारखे बोलले नाहीत. सकाळी फिरताना समोरून आले की ते वाट बदलत नाहीत, फक्त नजर खाली वळवतात. आशालता तरीही दरवेळी थांबतात आणि नमस्कार करतात.