खोटं दुखणं

देवमनने सदऱ्याची बाही कोपरापर्यंत सारली आणि मनगट उताणं करून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्म्यावरून आधी मनगटाकडे, मग त्याच्याकडे पाहिलं.

"काय होतंय?"

"डोकं दुखतं. संध्याकाळी जास्त."

"नाव काय म्हणालात?"

"देवमन वानखडे."

"राहणार?"

"अमरावतीतच, कचेरीत कारकून आहे. गाव तिवस्याजवळ."

"तिवस्याकडचे कोणते वानखडे? आमच्या ओळखीचे एक पाटील आहेत तिकडे, वानखडेच."

वऱ्हाडात वानखडे उदंड. एकाच आडनावाची घरं गावाच्या दोन टोकांना असतात आणि मधे अख्खं गाव असतं. देवमनला हा प्रश्न नवा नव्हता.

"ते नव्हेत," तो म्हणाला. "आम्ही बौद्ध."

टेबलावरून त्याच्याकडे निघालेला डॉक्टरांचा हात वाटेतच दौतीकडे वळला. आवाजात काही फरक पडला नाही. झोप लागते का, जागरण होतं का, चहा किती पिता, सगळं नीट विचारलं आणि चिठ्ठी लिहून ती टेबलाच्या कडेला सरकवली. बाहेर कंपाउंडरने बाटली खाली ठेवायला सांगितली आणि वरून लाल मिक्स्चरची धार धरली. थेंबही सांडला नाही. इतका हात बसला होता त्याचा.

देवमन रस्त्यावर आला. कापसाच्या गाड्यांनी चौक अडला होता. त्या निघून जाईपर्यंत तो कडेला उभा राहिला. बाही खाली करायची राहून गेली होती.

घरी त्याची माय, सुंदराबाई, वळकटीला टेकून बसली होती. गावाहून आणल्यापासून ती आडवी म्हणून झाली नव्हती. पाठ टेकली की दम कोंडायचा. पाय सुजून तकतकीत झाले होते. बोटाने दाबलं की खड्डा तसाच राहायचा.

बायकोने, शालूने, त्याच्या हातातली बाटली घेतली आणि फळीवर ठेवली. तिथे आधीची एक होतीच.

"हे घ्या, जोडी जमली," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या घरी माय बिमार पडली तं माय दवाखान्यात जाते. आपल्या घरी पोरगा जाते."

सुंदराबाईला हसू आलं आणि हसण्याने धाप लागली. शालू लगबगीने तिची पाठ चोळू लागली. देवमन पायांतले बूट न काढता उभाच राहिला.

"हा नाही चालत," तो म्हणाला.

"आता याचं काय झालं?"

तो मनगटावरून दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवत राहिला.

त्याला नाडी पाहणारा डॉक्टर हवा होता. एवढंच. शालूला ते ठाऊक होतं आणि पटतही होतं. पण रोज संध्याकाळी ती सासूच्या पायावर बोट दाबून पाहायची, आणि तो खड्डा भरून यायला कालच्यापेक्षा जास्त वेळ लागायचा.

देवमन लहान असताना त्याला हिवतापाने धरलं होतं. गावचा वैद्य ओट्यावर बसायचा. सुंदराबाई खाली अंगणात, पोराला मांडीवर घेऊन. तिने दुखणं सांगायचं, त्याने ऐकायचं, आणि पुडी वरून सोडायची. तिने पदर पसरून झेलायची. त्या दिवशी पोर मांडीवरून घसरत होतं, पदर वेळेवर पसरला गेला नाही. पुडी मातीत पडून फुटली. दुसरी मागायची सोय नव्हती. सुंदराबाईने चिमटीचिमटीने भुकटी गोळा केली, जमेल तेवढी माती फुंकली आणि घरी येऊन पाण्यातून पोराला पाजली. पोर बरं झालं.

"गुण होता त्याच्या हाताले," ती अजून म्हणायची.

देवमनच्या दातांखाली ती माती अजून करकरायची.

आता तसलं काही होऊ द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. दीक्षा घेऊन तीन वर्षं झाली होती. आपण आधी जायचं, काहीतरी दुखणं सांगायचं, मनगट पुढे करायचं आणि बघायचं. जो सरळ हातात घेईल, त्याच्याकडे मायला न्यायचं. पहिल्यांदा तो सरकारी दवाखान्यात गेला. तिथे रांग पार फाटकापर्यंत होती. त्याची पाळी आली तेव्हा डॉक्टरने मान वर न करता विचारलं, ऐकता ऐकता लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. त्याने हात लावला नाही. पण रांगेत आधी असलेल्या मारवाड्यालाही लावला नव्हता. हा अपमान म्हणायचा की गर्दी म्हणायची? दोन दिवस देवमन त्याच विचारात होता. कचेरीत बेरजा चुकल्या.

तिसरा, राजापेठेतला डॉक्टर तरुण होता, नवीनच पाटी लावलेली. तिथे सकाळी खिडकीशी नाव सांगून नंबर लावावा लागे. देवमनने नुसतं 'देवमन' सांगितलं. आत जाऊन तो खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच डॉक्टरने त्याचं मनगट उचललं आणि डोळे घड्याळावर लावले. मग पापणी खाली ओढून पाहिली, मानेवर, कानामागे दाबून पाहिलं.

"तुम्हाला काही झालेलं नाही," डॉक्टर हसून म्हणाला. "काळजी कसली करता?"

'मायची', हा शब्द देवमनच्या ओठांवर आला होता. पण तो नुसता मान हलवून उठला.

बाहेर पडला तेव्हा त्याला धावत सुटावंसं वाटत होतं. कोपऱ्यावर न्हाव्याच्या दुकानातला आरसा लागला. त्यात एक माणूस दिसला: इस्त्रीचा कोट, तेल लावून चापून बसवलेले केस, पायांत बूट. देवमन थबकला. डॉक्टरने आडनाव विचारलं नव्हतं. गावही विचारलं नव्हतं. त्याने मनगट धरलं होतं ते कोणाचं?

रात्री जेवताना त्याने सांगून टाकलं.

"डॉक्टर बरा वाटला. पण सोमवारी पुन्हा जातो. कोट नाही घालत. पुरं नाव सांगतो, मंग पाहू."

शालूचा भाकरीवरचा हात थांबला.

"सोमवार? अवो, आज कोणता वार हाय? सोमवारपावतर..." सासूकडे नजर जाताच तिने पुढचं गिळलं आणि भाकरी जरा जास्तच जोरात थापली.

"काहून रे देवमन," सुंदराबाई वळकटीवरून म्हणाली. एकेक शब्द दमादमाने येत होता. "तू डाक्टर पाहून राहिला का... सोयरीक? पोरगी पाहाले बी लोकं... इतके खेटे नाई घालत."

"माय, तुले कोणी दुरून औषध टाकलेलं मले चालणार नाही."

"मले चालते का नाई... हे इचारलं का तू मले?"

देवमनने ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

"तुले चालते, हेच तं मले सहन होत नाही," तो हळू म्हणाला.

सुंदराबाईने डोळे मिटले. झोपली म्हणावं तर छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

शनिवारी कचेरी अर्धा दिवसच असे. देवमनने तेवढ्यात दोनदा साहेबांकडे रजा मागायला जायचं म्हणून उठून, दारापर्यंत जाऊन, परत येऊन बसण्याचा प्रकार केला. शेजारचा गोवर्धन म्हणाला, "वानखडे, खुर्चीत खिळा हाय काय?" सुटी होताच तो निघाला, वाटेत कुठे थांबला नाही.

दाराला कुलूप होतं. शेजारच्या गंगूबाई सूप घेऊन पायरीवर बसल्या होत्या. त्याला पाहून त्या उठल्याच.

"मघाशीच दम लागला बुढीले. ओठ काये-निये पडले. तुमच्या शालूनं टांगा आणला अन् गेली घेऊन."

"कुठं? राजापेठेत?"

"नाही, इथंच चौकात. त्या म्हाताऱ्या डाक्टरकडे."

"तिथं काहून नेलं?" तो ओरडलाच.

"जवय थोच हाय ना बापू," गंगूबाई चकित होऊन म्हणाल्या. "अन् छातीच्या दुखण्याचा लय हुशार म्हणते त्याले. सारं गाव तिथंच जाते."

देवमन धावला. कोटाची बटणं सुटली होती, कपाळावरून घामाची धार लागली होती. दवाखान्यासमोर पोचल्यावर त्याची नजर आधी खाली गेली, पायरीवर. पायरी रिकामी होती. मग व्हरांड्याच्या कडेला, खांबाजवळ, जोडे काढतात तिथे. तिथेही माय नव्हती. बाकांवर माणसं दाटीने बसली होती. आतल्या खोलीचा पडदा अर्धा सरकलेला होता.

सुंदराबाई डॉक्टरांच्या स्टुलावर बसली होती. डॉक्टर तिच्या मागे उभे. कानात नळ्या, नळीचं टोक तिच्या पाठीवर, दुसरा हात तिच्या खांद्यावर. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"घ्या श्वास. सोडा. पुन्हा घ्या. घाई नाही."

शालू पडद्याजवळ भिंतीला टेकून उभी होती. देवमनने तिला बाजूला घेतलं.

"काय झालं?"

"काही नाही. डाक्टरनं दारातूनच इचारलं, काय होते म्हणून. आत्याबाईले बोलताच येईना. मंग त्या सरळ आत गेल्या, स्टुलावर बसल्या, त्याचा हात धरला अन् नेऊन छातीवर ठेवला. 'इथं,' म्हणे. 'इथं पाह्य.'"

"मंग?"

"मंग काय? तवापासून पाहूनच राहिला तो. सुई देली एक."

"नाव विचारलं होतं का त्यानं? आधी?"

शालूने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. तापलेल्या पोराकडे पाहावं तसं. मग तिने पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला, चारचौघांत, आणि तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं.

"मुलगा तुम्ही? बरं. हृदय थकलंय यांचं. अंगात पाणी साचलंय, म्हणून ही सूज आणि हा दम. इंजेक्शन दिलंय, आज लघवी पुष्कळ होईल, तेवढा उतार पडेल. मीठ अगदी बंद. जिना नाही, पाणी भरणं नाही. उद्या रविवार असला तरी पुन्हा आणा." ते बोलता बोलता थांबले. चष्मा जरा वर केला. "तुम्ही या आठवड्यात येऊन गेलात ना इथं?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही आणलंत यांना? तेव्हा इतकं वाढलं नसतं."

देवमनजवळ उत्तर होतं. गेले कित्येक दिवस ते तो सोबत घेऊन हिंडत होता. त्यातलं किती या माणसाच्या पदरात टाकायचं आणि किती स्वतःच्या, हे त्याला ठरवता येईना. सुंदराबाई पदर सावरत त्याच्याकडेच पाहत होती. तिचे ओठ अजून काळपट होते, पण वाक्य मधे न तोडता बोलावं इतका दम आता तिच्यात आला होता.

"मीच नाई म्हणे, डाक्टर," ती म्हणाली. "तो आणतच होता."

डॉक्टर मान हलवून कोपऱ्यातल्या घंगाळाकडे वळले आणि साबणाने हात धुऊ लागले. आधीच्या पेशंटनंतरही त्यांनी हात धुतले होते का, हे पाहायला देवमन तिथे नव्हता. त्याने नजर काढून घेतली आणि मायच्या दंडाला धरून तिला उठवलं.

बाहेर कंपाउंडर कागद-पेन्सिल घेऊन बसला होता.

"उद्याचा नंबर लावून ठेवतो. सकाळी गर्दी असते. पेशंटचं नाव?"

व्हरांड्यातली माणसं, वेळ काढायला काहीतरी मिळालं म्हणून, इकडे पाहू लागली. देवमनने घसा साफ केला. तेवढ्यात सुंदराबाई चौकटीला हात देऊन उभी राहिली.

"लिही बाबू. सुंदराबाई वानखडे. तिवस्याकडची. बौद्ध हाओत आमी." तिने श्वास घेतला. "उद्या हाक जोरानं मार. मले कमी आयकू येते."

कंपाउंडरने तिच्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून लिहिलं.

"बसा," तो म्हणाला. "औषधाला थोडा वेळ लागेल."

बसायला तशी जागा नव्हती. भिंतीलगतच्या बाकावर तीन बायका होत्या, चांगल्या घरच्या, मांडीवर पिशव्या घेतलेल्या. त्यांतली अलीकडची शेजारणीकडे सरकली. मग दुसरीही सरकली आणि तिने लुगड्याचा घोळ गोळा करून जवळ घेतला. बाकाचं एक टोक मोकळं झालं. जागा करून दिली की अंग चोरलं, हे देवमनला कळेना. तो त्या बायकांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहिला. एकीनेही मान वर केली नाही.

"माय," तो म्हणाला, "टांग्यातच बसतेस का? मी आणतो औषध."

सुंदराबाईने त्याच्या हातातून आपला दंड सोडवून घेतला. बाकाशी गेली, गुडघ्यावर हात टेकला आणि अंग सैल सोडून, मागे भिंतीला पाठ लावून, आरामात बसली.