विहिरीतून दिसलेलं आभाळ

विहिरीचं पाणी तळाला गेलं की गावातल्या अंगानं हलक्या बाईला दोर बांधून खाली सोडतात. ती वाटीवाटीनं घागर भरते. वर दोर धरलेल्या बाया ओव्या म्हणत राहतात, म्हणजे खालचीला धीर राहतो. या दुष्काळात ते विमलच्या वाट्याला आलं होतं. नवरा साखर कारखान्यावर ऊस तोडायला गेलेला. घरात सासू आणि बारा वर्षांची लेक सखू. विमलनं आपली भीती कुणाला सांगितली नव्हती. तिच्यानंतर हलकी सखूच होती.

त्या दुपारी वर आल्यावर तिनं लेकीची रंगपेटी घेतली. डोंगर अन् माळ काढायला बसली, पण हात ऐकेना. सारा कागद काळा झाला आणि मधोमध रुपयाएवढं निळं उरलं.

सासू, तुळजाबाई, मागून वाकली. “हे काय गं?”

“आभाळ. खालून एवढंच दिसतं, आत्याबाई.”

तुळजाबाईनं त्या काळ्यावर बोट ठेवलं. “लई भेलीस तू. भेलेल्या बाईचा हात सुटतो. उद्या सखूला उतरवू, पोरीला भ्याव नसतंय.”

विमलनं घाईनं ब्रश उचलला. तिनं काळ्यावर निळा रंग ओढला, तरी काळं झाकेना. मग तांब्यातलं प्यायचं पाणी कागदावर ओतून ती चिंधीनं पुसत सुटली.

“अगं बये, पाणी! कशाला सांडतीस?”

“चित्र चुकलंतं,” विमल हसून म्हणाली. करड्या कागदावर तिनं या कडेपासून त्या कडेपर्यंत निळं पसरलं. “आभाळ लई मोठं दिसतं खालून. उद्या मीच उतरते.”

काळी झालेली चिंधी मात्र तिच्या हातातच होती. ती तिनं पदराखाली दाबून धरली.