डोक्यातली कुजबुज ऐकणारी टोपी

मी टोपी बोलतेय. लोकांना टोप्या घालणारी माणसं वेगळी. मी स्वतःच लोकांच्या डोक्यावर बसते, आणि तेही रीतसर विचारून. ताणलं जाणारं निळं कापड, त्यावर शिवलेल्या छोट्या चकत्या आणि मागून निघणारी तारांची जाड वेणी, असं माझं रूप. मला घालून आरशात बघितल्यावर हसला नाही असा माणूस विरळाच.

काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मेंदूत उठणारी विजेची बारीक कुजबुज मी ऐकते आणि यंत्राकडे पोचवते. आमच्या प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंना एकच ध्यास, लांब शब्द मेंदू कसा समजून घेतो. पडद्यावर 'दुकानदारांकडून' असं आलं की पापणी लवायच्या आत मेंदू त्याचे तुकडे सुटे करतो. दुकान, ते चालवणारा, तो एकटा नाही, आणि त्यांच्याकडून काहीतरी आलंय. मग सगळं पुन्हा सांधून अर्थ लावतो. माणसाला याचा पत्ताही नसतो. मधेच बाई मुद्दाम 'खुर्चीणार' असा खुळचट शब्द घुसडतात. तो दिसला की मेंदू दचकतो, आणि तो दचका माझ्या चकत्यांना लगेच कळतो.

काम संपलं की मला सोलून काढायचं, कोमट पाण्यात बुडवायचं आणि खुंटीला टांगायचं. इतक्यांच्या मनाला खेटून बसले, पण माझं असं कुणी झालं नाही. तासाभराची ओळख, मग ते डोकं आपल्या वाटेनं आणि मी खुंटीवर.

एकदा एक न्हावीकाका आले. उभं आयुष्य केस कापता कापता गप्पा हाणण्यात गेलेलं. तोंडाचा पट्टा कात्रीपेक्षा जोरात चालायचा म्हणे. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. बाईंनी मला त्यांच्या डोक्यावर चढवलं. मी जरा तिरकी बसले होते. काकांनी डाव्या हातानं मला बरोबर मधोमध आणलं, गिऱ्हाइकाची मान सरळ करावी तसं. मला तो माणूस तिथंच आवडला.

सोबत त्यांची बायको होती. ती म्हणत होती, "बस. खुर्ची. हलू नको."

"काकू, असं तोडून का बोलता?" बाईंनी विचारलं.

"लांबलचक बोललं तर ह्यांच्या डोक्यात शिरत नाही ना. शेजारीण म्हणाली, तान्ह्या पोराशी बोलतो तसं एकेक शब्द टाक. आठ महिने तेच करतेय. आता तर माझ्याकडे बघायचंही सोडलंय ह्यांनी." काकू बाईंकडे वळल्या. "आत काही उरलंच नसेल तर सांगून टाका. ह्यांना एका संस्थेत ठेवते नि मी लेकीकडे जाते. भिंतीशी किती दिवस संसार करायचा?"

मी काकांच्या डोक्यावरच होते. त्या एकेका शब्दानं आत जो कल्लोळ उठला, तसा मी कधी ऐकला नव्हता. पण यंत्र अजून सुरू व्हायचं होतं. ऐकलं फक्त मी, आणि मला तोंड नाही. तोंड नसण्याचं इतकं दुःख मला त्याआधी कधी झालं नव्हतं.

मग तपासणी सुरू झाली. एकामागून एक लांबलचक शब्द आले. काकांच्या मेंदूनं जरा सावकाश, पण एकेक सोडवला आणि सांधला. 'खुर्चीणार' आला तेव्हा आत दचका बसलाच, वर काकांनी फस्सकन हसून माझ्या चकत्याही हलवल्या.

बाई कितीतरी वेळ पडद्यावरच्या रेषा बघत राहिल्या. "काकू, एवढ्या एका तपासणीवरून सगळंच सांगता येत नाही. पण बोलायची वाट अडलीय, समजायची बरीच शाबूत दिसतेय. लांब शब्द पेलतात त्यांना."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मघाशी मी जे बोलले..."

काका खाली बघत होते. शेवटी काकूंनी स्टूल ओढलं आणि त्यांच्या पुढ्यात बसल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. पदरानं डोळे पुसून पुन्हा म्हणाल्या, "अहो, चुकलं माझं. कुठ्ठे जात नाही मी. आणि ऐका, आपल्या दुकानाशेजारच्या त्या चपलावाल्यानं नव्या न्हाव्याकडून कल्ले कापून घेतले, एक वर नि एक खाली! तेव्हापासून तुमच्या नावानं गळा काढत हिंडतोय मेला!"

काकांच्या आत शब्द भराभर सुटत होते, सांधले जात होते. त्यांचा डावा हात उठला आणि काकूंच्या कानावर आलेली बट त्यानं हळूच मागे सारली. बाईंनी यंत्र बंद केलं, पण मला काढायचं त्या मुद्दाम विसरल्या. तेवढा वेळ मी एकटी नव्हते.

आता नव्या, बिनतारी टोप्या आल्यात. माझ्या दोन तारा तुटल्या, म्हणून मला कपाटात एका थर्माकोलच्या डोक्यावर बसवलंय. त्याच्या आत काहीच चालत नाही. तरी सवयीनं मी कान देऊन असते.

तुमच्या घरात कुणी असं गप्प झालं असेल, तर त्याच्यासाठी शब्द तोडून टाकू नका. तोडायचं नि जोडायचं त्याचं तो बघेल. तुम्ही समोर बसून पुरतं बोला. आणि कधी या कपाटापाशी आलात तर दोन शब्द माझ्याशीही बोला. मी उत्तर देणार नाही. ऐकेन मात्र सगळं.