बिनसहीची वाम

माझी रेघ मला बघवेनाशी झाली होती. बावीस वर्षं ओडिलोन मास्तरांच्या हाताखाली चित्रं काढली, त्याचं फळ एवढंच की माझी प्रत्येक रेघ शेवटी त्यांच्या रेघेसारखीच गळाच्या आकड्यागत वळायची. आमच्या गेंट शहरात कुणीही माझं चित्र पाहिलं की म्हणायचं, "वा, मास्तरांची शिष्या शोभतेस." त्या 'वा'ची मला शिसारी यायची.

म्हणून मी साहित्यच बदललं. अक्रोडाच्या हिरव्या साली बादलीत कुजवून शाई केली. तिला असा वास सुटला की खालच्या मजल्यावरच्या बाईनं जिन्यात फिनेल ओतलं. नदीकाठचा बोरू कापून झाडूच्या दांड्याला बांधला. खाटकाचा कागद जमिनीवर पसरून उभ्यानंच रेघा ओढल्या, हाताला आपली खोड दाखवता येऊ नये म्हणून. समोर मासळीबाजारातली वाम ठेवली, ती सहा दिवस. ती फुगली, फुटली, मी दोनदा ओकले. पण सहाव्या दिवशीची रेघ निराळी होती. खरबरीत, अडखळणारी, मळकी. माझी.

"या खेपेला कुणी मास्तरांचं नाव घेतलं ना, तर चित्रं काढणं सोडलं," मी वर्गमैत्रिणीला, रोसला सांगितलं.

"दरवर्षी सोडतेस बाई तू," ती म्हणाली.

आमच्या चित्रकार मंडळाची रीत अशी, की नोव्हेंबरात प्रत्येकाचं एकेक चित्र सहीशिवाय टांगायचं, बिअर पीत, चीज खात कुठलं कुणाचं ते ओळखायचं, आणि मग ज्यानं त्यानं उठून आपल्या चित्रावर पेन्सिलनं सही करायची. माझी वाम कुणालाच ओळखता आली नाही. "हे कुणी ओकून ठेवलंय?" एकानं विचारलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मग सह्या सुरू झाल्या. ब्याऐंशी वर्षांचे मास्तर काठी टेकत उठले आणि थेट माझ्या वामेपाशी गेले.

"मास्तर, ते तुमचं नव्हे," रोस हसून म्हणाली.

"अगं, नजर गेली असेल, पण माझा हात मी ओळखणार नाही होय? कधी काढलं तेवढं आठवत नाही." त्यांनी वामेच्या शेपटीवर बोट ठेवलं. कुजकी शाई, बोरू, झाडूचा दांडा, सगळ्याला पुरून उरलेला आकडा तिथे होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते खोटं नाही.

त्यांनी सही केली. ती तिथे शोभत होती. मला माझ्याच मनगटाची किळस येत होती.

शेवटी भिंतीवर एकच चित्र बिनसहीचं राहिलं: पेन्सिलीतलं कालव्याकाठचं झाड, फांदीफांदीला आकडा. सही करायची राहिलेली मी एकटीच. रोसनं पेन्सिल माझ्या हातात दिली.

"जा ग्रीत. हे तुझंच, आम्ही सगळ्यांनी केव्हाच ओळखलं होतं."

मी गेले आणि सही केली.