उपरण्याखालचा भाव

मानोऱ्याच्या शिखरचंदशेठचं तोंड म्हणजे कापसाच्या अडतीचं दुकानच होतं. दूध नासलं, की "आज दुधात मंदी." शेजारच्या सासू-सुनेचं जुंपलं, की "तिकडं तेजी आली." पाहुणे आले की आवक, गेले की जावक. बायकोला ताप भरला तरी कपाळावर हात ठेवून म्हणायचे, "चढती हाय," आणि घाम सुटला की म्हणायचे, "बाजार बसला." मग सरकारनं सगळा कापूस आपणच घ्यायचा कायदा केला आणि शेठच्या अडतीला कुलूप लागलं. धंदा गेला, पण जीभ कुठे जाते? उलट सगळा बाजार घरातच भरायला लागला.

त्यांची बायको सूरजबाई. आधी तिलाही या बोलण्याची गंमत वाटायची. "आज तुपात मंदी हाय, जपून घ्या," असं वाढताना तीही म्हणून जायची. पण हेच शब्द पोरीच्या अंगावर येऊन पडले, तेव्हापासून तिचं डोकं फिरलं. प्रेमा, एकुलती एक लेक, रंगानं सावळी, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. बरोबरीच्या पोरींची पोरं चालायला लागली होती. एखादं स्थळ परत गेलं, की शेठ ओट्यावर बसून चार माणसांत म्हणायचे, "पोरीच्या बाजारात मंदी हाय. आता पडत्या भावात काढा लागते." आत वेणी घालणाऱ्या प्रेमाला ते ऐकू यायचं. ती वेणी घट्ट ओढून शाळेला निघायची. सूरजबाईला मात्र वाटायचं, उठावं आणि नवऱ्याच्या तोंडात बोळा कोंबावा.

एके दिवशी कारंज्याहून गुलाबचंद प्रेमाला पाहायला आले. तेही जुने कापसाचे अडते. सोबत मुलगा शांतीलाल, बँकेत कारकून. पोहे झाले, चहा झाला. शांतीलालनं प्रेमाला विचारलं, "पोरी नकाशात सगळ्यात आधी काय शोधतात?" प्रेमा म्हणाली, "आपलं मानोरा गाव. अन् सापडत नाही म्हणून माह्यावर रागावतात." तो मोकळेपणी हसला. प्रेमा रिकाम्या कपबश्या घेऊन आत आली आणि हळूच म्हणाली, "आई, बरा वाटते." इतकी स्थळं येऊन गेली, पण हे वाक्य त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच बोललं गेलं होतं. सूरजबाईनं लगबगीनं सुपारी काढली.

सुपारीचं तबक घेऊन ती बैठकीच्या दाराशी गेली आणि तिथंच थांबली. दोघा म्हाताऱ्यांच्या हातांवर शेठचं उपरणं पसरलेलं होतं. ही बाजारातली जुनी रीत. तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा मारायच्या आणि कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचा, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नाही. सूरजबाईनं दुकानाच्या आतल्या दारातून हे वर्षानुवर्षं पाहिलं होतं. शेठ पैसे घेणारे असले की त्यांचं कोपर पोटाशी जायचं, पैसे देणारे असले की पुढे सरकायचं. आज कोपर पुढे पुढेच सरकत होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हुंडा मागून घेतोय हा कारंज्याचा म्हातारा! तबक दाणकन खाली ठेवून तिनं उपरणं ओढलं.

"लाज नाही वाटत?" ती गुलाबचंदांवर कडाडली. "पोरगी पाहाले आले, का रुईची गाठ?"

गुलाबचंद गोरेमोरे झाले. "वहिनी, मी काहीच नाही मांगतलं. मी मूठ मिटली. मूठ मिटली म्हंजे मले काही नको. शेठच एकेक बोट चढवून राह्यले."

"मूठ मिटते, तो मनात मोठा भाव धरून रायते," शिखरचंद म्हणाले. "हे काय मले शिकवता?"

गुलाबचंदांची नजर बदलली. आता त्यांच्यातलाही अडत्या जागा झाला होता. "पण शेठ, एक इचारतो. न मांगता इतकं काहून देऊन राह्यले? मी बी कापसातच केस पांढरे केले. जो आपनहून भाव सोडते, त्याचा माल आतून भिजेल रायते."

दोघांपैकी आधी कोणाला झोडपावं, ते सूरजबाईला कळेना. "पोरीत काही खोट नाही!" ती ओरडली. "खोट तुमच्या दोघायच्या डोक्यात हाय. जलमभर चढलं-उतरलं करून करून तुमाले माणूस दिसनंच बंद झालं!"

एवढ्यात प्रेमा दारात येऊन उभी राहिली. तिनं बापाकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं नाही. ती शांतीलालकडे पाहत होती. त्यानं बोलायला तोंड उघडलं. मग त्यानं आपल्या बापाकडे पाहिलं. बाप मोकळ्या हातानं टोपी शोधत होता. शांतीलालनं तोंड मिटलं आणि खाली वाकून चप्पल घालायला लागला.

शिखरचंदांनी मात्र गुलाबचंदांचा हात अजून धरलेलाच होता, आणि आता उघड्यावर ते आणखी एक बोट दाबत होते.

"बाबूजी," प्रेमा म्हणाली, "हात सोडा त्यायचा."

त्यांनी सोडला. पाहुणे बसस्टँडकडे निघून गेले.

सूरजबाई नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "पोर विकाले काढली तुमी. अन् विकता बी नाही आली!" शेठ खाली मान घालून उपरण्याची घडी करत राहिले. तिला ती घडीसुद्धा बघवेना. ती तरातरा आत गेली.

प्रेमा मोरीत पोह्यांच्या बश्या घासत होती.

"त्या मुक्याच्या नावानं रडू नको," सूरजबाई म्हणाली. आवाजातला राग अजून उतरला नव्हता.

"रडून नाही राह्यली." प्रेमानं बशी विसळून पालथी घातली. "त्याच्या जागी मी असती ना आई, तं बोलली असती."

सूरजबाईनं पदर खोचला आणि दुसरी बशी घासायला घेतली.